काचेच्या तळाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मला झाकण नाही, कुलूप नाही आणि तळाला लाकूडही नाही. तळाच्या जागी एक जाड काच बसवलेली आहे. तिचा एक कोपरा आता तडकला आहे. खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखाली, फाटक्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी मी पडून असते. गावातल्या कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. पण एके काळी दूरदूरच्या देशांची माणसे माझ्यात तोंड घालून समुद्राचा तळ पाहत होती, हे त्या कोंबड्यांना कोणी सांगावे?

माझा जन्म बेलीझ देशाच्या दक्षिणेला, नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका लहानशा गावात झाला. ऑब्री नावाचा सुतार तिथे होड्या बांधत असे. एका होडीच्या महोगनीच्या फळ्या उरल्या होत्या. त्याच वर्षी वादळात शाळेची खिडकी पडली आणि तिची एक शाबूत काच मास्तरांनी त्याला देऊन टाकली. ऑब्रीने चार फळ्या जोडल्या, सांध्यांत कापूस ठासून वर डांबर भरले, काच बसवली आणि धरायला दोराचे दोन कान लावले. मग मला धक्क्याजवळ पाण्यावर ठेवून त्याने आत डोकावून पाहिले.

त्याचा वीस वर्षांचा मुलगा एगबर्ट शेजारी उभा होता. त्याने विचारले, "काय दिसतंय, पा?"

"तुझा चाकू दिसतोय. परवा पार खोल पाण्यात पडला म्हणाला होतास ना? हा बघ, धक्क्याच्या बुडालाच आहे. शोधायचा कंटाळा, दुसरं काय!"

एगबर्ट ओशाळून हसला आणि त्याने पाण्यात उडी मारली. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

पाण्याकडे वरून पाहिले तर चकाकी आणि लाटाच दिसतात. मला दोन बोटे पाण्यात दाबले की चकाकी नाहीशी होते आणि तीन पुरुष खोलीचा तळही तळहातावरच्या रेषांसारखा दिसू लागतो. पहिली काही वर्षे एगबर्टने माझ्यातून शंख आणि शेवंडी, म्हणजे खडकांत राहणाऱ्या मोठ्या कोळंब्या, शोधल्या. शोधता शोधता तो प्रवाळांच्या प्रेमात पडला. किनाऱ्यापासून तासाभरावर समुद्रात प्रवाळांची लांबच लांब भिंत आहे. तिच्यातली एक जागा त्याची खास लाडकी होती. तिथे हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले मधाच्या रंगाचे प्रवाळ होते आणि त्यांच्या मध्यभागी देवळाच्या मोठ्या घंटेएवढा एक गोल प्रवाळ होता. त्याच्या अंगभर मेंदूसारख्या घड्या होत्या. एगबर्ट त्याला 'म्हातारा' म्हणायचा.

पुढे गावात पाहुणे येऊ लागले. सुट्टी घेऊन, मोठमोठ्या टोप्या घालून यायचे. एगबर्टने मासेमारी कमी केली आणि तो वाटाड्या झाला. त्याची सफर तीन दिवसांची असे. पहिल्या दिवशी नदीने वर जंगलात, दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या माया लोकांच्या पडक्या नगरात, आणि तिसऱ्या दिवशी प्रवाळावर. मी तिन्ही दिवस बरोबर असे. जंगलात माझा उपयोग काय, म्हणाल? तिथे मी जेवणाची पेटी होत असे. नारळाच्या दुधात मळलेले जॉनी केक आणि तळलेले मासे केळीच्या पानात बांधून माझ्यात ठेवलेले असत. झाडावरची काळी माकडे घसा फोडून ओरडू लागली की पाहुणे घाबरत. माझे मात्र सगळे लक्ष त्या माशांकडे वळवळत येणाऱ्या मुंग्यांवर असे.

एगबर्टचा एक स्वभाव होता. जे दिसले नाही ते तो दिसले म्हणून सांगत नसे. दुसऱ्या होडीतले वाटाडे जरा काही हलले की "तो बघा जॅग्वार!" म्हणून ओरडायचे. पाहुणे खूश व्हायचे. एगबर्ट चिखलातले ठसे बोटाने चाचपून म्हणायचा, "होता. तीन दिवसांपूर्वी. आता नाही."

"तुम्ही थोडं तरी रंगवून सांगा की हो," एकदा एका पाहुण्याने चिडून म्हटले.

"रंगवायला मी होडी रंगवतो," एगबर्ट म्हणाला.

त्याची बायको पेट्रोना त्या पडक्या नगराशेजारच्याच माया गावातली. दुसऱ्या दिवशी तीही आमच्याबरोबर येई आणि माहेरच्या चुलीवर मक्याच्या भाकऱ्या भाजून पाहुण्यांना वाढी. दगडी पायऱ्यांवर उभे राहून पाहुणे विचारत, "इथे माणसांचे बळी देत होते का?"

एगबर्ट म्हणे, "मी तेव्हा नव्हतो. पेट्रोनाला विचारा. तिच्या वाडवडिलांचं आहे."

पेट्रोना भाकरी उलटत म्हणे, "मी माझ्या आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, अगं, मी काय एवढी म्हातारी दिसते का?"

सगळे हसत. मग ती खरे तेवढेच सांगे. इथे छप्पर होते, ते पडले. इथे बाजार भरत असावा. ही माणसे का निघून गेली, ते आम्हालाही ठाऊक नाही.

आणि तिसरा दिवस माझा! पाहुणे होडीच्या काठावर पालथे पडून माझ्यात तोंड घालत आणि मग बराच वेळ कोणी बोलत नसे. पोहता न येणारी एक आजी तर इतका वेळ माझ्यात पाहत राहिली की तिच्या कपाळावर माझ्या काठाचा वळ उठला. तोंड वर काढून ती एवढेच म्हणाली, "मरायच्या आधी पाहिलं बाई!" अशा वेळी मला माझा फार अभिमान वाटे. माझ्या अंगावर नक्षी नव्हती, रंग नव्हता, पण माझ्यातून पाहिल्यावर माणसे गप्प होत होती.

अशी तीसेक वर्षे गेली, मित्रांनो. एगबर्टची मुलगी अर्लीन मोठी झाली, होडी चालवायला शिकली. आणि एगबर्टची नजर हळूहळू जाऊ लागली. आधी कडेचे दिसेना, मग मधलेही धुरकट झाले. तो म्हणायचा, "मीठ गेलंय डोळ्यांत." शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, काचबिंदू आहे, उशीर झाला, गेलेले परत येणार नाही. साठी गाठायच्या आत एगबर्ट पूर्ण आंधळा झाला.

जंगलाची आणि नगराची सफर सुटली, पण त्याने समुद्र सोडला नाही. अर्लीन इंजिनाजवळ बसे आणि तो पुढच्या टोकावर. भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकून तो हात वर करी, "बंद कर मशीन." आणि होडी बरोबर म्हाताऱ्याच्या डोक्यावर उभी असे. मग माझा दोराचा कान धरून तो पाहुण्यांना सांगू लागे, "जरा डावीकडे घ्या. शिंगं दिसली? मधाच्या रंगाची? त्यांच्या पायथ्याशी एक काळा चिमुकला मासा असेल. एवढासा आहे, पण घराची राखण करतो, माझं बोट चावलाय." आणि पाहुणे ओरडत, "आहे, आहे!" एगबर्ट हसे. त्याचे डोळे गेले होते, पण त्या जागेपुरते त्याला दिसत होते असेच मला वाटे.

त्यानंतरच्या वसंतात पेट्रोना गेली. दुपारी मक्याचे पीठ मळता मळता तिने छातीवर हात ठेवला आणि ती तिथेच बसली. तिला तिच्या गावात, त्या पडक्या नगराजवळच्या टेकडीवर पुरले. महिनाभर एगबर्ट घराबाहेर पडला नाही. मग एका सकाळी तो अर्लीनला म्हणाला, "चल, होडी काढ. तुझी आई गेली. तो प्रवाळ तरी जागेवर आहे."

तो उन्हाळा भयंकर होता. समुद्राच्या पाण्यात हात घातला तर हात घातल्यासारखे वाटत नव्हते, इतके ते कोमट झाले होते. होडी थांबली. अर्लीनने मला पाण्यात दाबून आत पाहिले. तिच्याआधी मी पाहिले होते. खाली सगळे पांढरे होते. शिंगे पांढरी, म्हातारा पांढरा, हाडांसारखा. नुसते पाहिले असते तर सुंदरच म्हटले असते कोणी. पण पाणी तापले की प्रवाळ असा पांढरा पडतो आणि मग मरतो, हे आम्हाला माहीत होते.

एगबर्टने विचारले, "कसं आहे गं खाली?"

अर्लीनने वडिलांकडे पाहिले. महिनाभरात त्याचा चेहरा आत गेला होता, गळ्याची हाडे वर आली होती. ती म्हणाली, "आहे तसंच आहे, पा."

तो कान देऊन ऐकत राहिला. जिवंत प्रवाळातून एक बारीक तडतड ऐकू येते, गरम तेलात मोहरी पडल्यासारखी. "आज खाली फार शांत वाटतंय," तो म्हणाला.

"तुझे कान म्हातारे झाले," अर्लीन म्हणाली आणि तिने मला पाण्यातून उचलून घेतले.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर! पण मी काच. पाहणाऱ्याला दाखवते, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यापुरती मी नुसती फळ्यांची पेटी.

मग रोज तसेच होऊ लागले. एगबर्ट दोर सोडत असे तेवढ्या वेळात अर्लीन पाहुण्यांना धक्क्यावर बाजूला घेऊन हळूच सांगे, "माझे वडील आंधळे आहेत. खाली आता फारसं काही उरलेलं नाही, पण त्यांना ते माहीत नाही. तुम्ही फक्त हो म्हणा. उपकार होतील." पाहुणे भले होते. एगबर्ट मधाच्या रंगाच्या शिंगांबद्दल बोले. पाहुणे माझ्यात तोंड घालून राखाडी शेवाळ पांघरलेले सांगाडे पाहत आणि म्हणत, "वा, किती सुंदर!" काही जण ते म्हणताना रडत. असे दोन वर्षे चालले.

तिसऱ्या वर्षी इलेन नावाची एक कॅनडातली बाई आली. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती नव्या नवऱ्याबरोबर आली होती. आता नवरा नव्हता. होडी सुटता सुटता ती पळत आली आणि तिने थेट एगबर्टला मिठी मारली. "ओळखलंत का मला?"

"आवाज ओळखला. माकडं ओरडली तेव्हा तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला होतात."

दोघे हसत सुटले. प्रवाळापर्यंत त्यांच्या गप्पा थांबल्या नाहीत. अर्लीनला तिला बाजूला घ्यायला सवडच मिळाली नाही. होडीत आणखी एक जोडपे होते. त्यांना सगळे सांगून झाले होते. ते मान खाली घालून बसले.

होडी थांबली. एगबर्ट बोलू लागला. इलेनने माझ्यात पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मान वर केली.

"मिस्टर एगबर्ट, तुमची जागा चुकली."

"माझी?" एगबर्ट मोठ्याने हसला. "बाई, मी झोपेत वल्ही मारली तरी इथंच येईन."

"नाही हो. ती जागा सोनेरी होती. मला अजून आठवतेय. इथे सगळं राखेसारखं आहे. फाटे मोडून पडलेत. होडी पुढे घ्या ना."

एगबर्टचे हसू ओसरले. "अर्लीन, कुठं आहोत आपण?"

"नेहमीच्याच जागी, पा."

"मग बाईंना काय दिसतंय?"

होडीच्या कडेला पाणी चुबूकचुबूक करत होते. शेवटी अर्लीन म्हणाली, "जे आहे ते दिसतंय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आई गेली त्या उन्हाळ्यापासून."

एगबर्टने माझा कान सोडला. मी पाण्यावर एकटीच डुलत राहिले.

"मी तुला विचारलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "खाली शांत वाटतंय म्हणालो होतो. तू म्हणालीस, कान म्हातारे झाले. माझे डोळे आजारानं नेले गं. कान होते, ते तू नेलेस."

"तुला सोसलं नसतं, पा."

"नसतं सोसलं. रडलो असतो. माझं माणूस गेलं आणि तू मला मयताला बोलावलं नाहीस." मग त्याने टोपी काढली, पाहुणे जिथे असतील असे वाटले तिकडे तोंड केले आणि म्हणाला, "माफ करा मला. आयुष्यात मी न दिसलेलं कधी सांगितलं नाही. दोन वर्षं तेच करत होतो, आणि मला पत्ता नव्हता."

इलेन तोंडावर हात ठेवून रडत होती. होडी परत फिरली.

अकरा दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. ती ताट ठेवी, तो जेवे. काही सांगायचे झाले तर तो शेजारच्या मिस व्हर्नाला हाक मारी. ती शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एका छपराखाली राहता आणि निरोप माझ्याकडून पाठवता? मी काय टपालखातं आहे?"

"तिला सांग, मला तिच्या आईकडं जायचंय," एगबर्ट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे निघाले. सवयीने अर्लीनने जॉनी केक माझ्यातच भरले, म्हणून मीही गेले. पेट्रोनाच्या थडग्याशी एगबर्ट थोडा वेळ बसला. मग त्याने नगराच्या पायऱ्यांकडे हात केला आणि अर्लीनने त्याला तिकडे नेले. पडक्या नगरात त्या दिवशी पाहुण्यांचा एक गट आला होता. पेट्रोनाच्याच गावची एक मुलगी त्यांना सांगत होती, इथे छप्पर होते, ते पडले. इथे आता काही उरलेले नाही. पाहुणे टोप्या हातात धरून ऐकत होते.

"ऐकलंस?" एगबर्ट म्हणाला. अकरा दिवसांत तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. "पडलेलं घर दाखवतेय, आणि पडलं म्हणून सांगतेय. तरी लोक येतात. तुझी आई कधी म्हणाली का, आत राजा जेवायला बसलाय, आवाज करू नका?"

अर्लीनला हसू फुटले आणि हसता हसताच ती हुंदके देऊ लागली. "मला भीती वाटली, पा. आईच्या मागोमाग तूही जाशील असं वाटलं."

"ते कळलं मला." त्याने चाचपत माझ्यातून एक जॉनी केक काढला, मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. माफ केले असे तो म्हणाला नाही. पण दोघांनी खाल्ले.

त्यानंतर आम्ही पुन्हा समुद्रावर गेलो. एगबर्ट पाहुण्यांना म्हणे, "आधी मी होतं ते सांगतो. मग आज काय आहे ते माझी मुलगी सांगेल. होतं ते गेलं कसं, याचा तुम्ही परत जाताना विचार करा." काही जण खूप वेळ पाहत. काही वैतागत. शहरातल्या सफरींच्या एका कचेरीने अर्लीनला बोलावून सांगितले, लोक सुट्टीवर आलेले असतात, त्यांना रडगाणे नको असते. पाहुणे कमी झाले, मग येईनासे झाले. तरी आठवड्यातून एकदा आम्ही तिघे जात असू. अर्लीन माझ्यात पाही आणि तो विचारी.

"म्हातारा?"

"वरून गेला, पा. खालच्या अंगाला तळहाताएवढा जिवंत आहे."

"कुठल्या बाजूला?"

"उगवतीला."

पुढच्या वेळी तो विचारी, "तळहात?"

"आता चार बोटं."

मग दोन बोटे झाली. मग एक नख. आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी अर्लीन माझ्यात इतका वेळ पाहत राहिली की त्यालाच समजले. तरी त्याने विचारले.

"नाही, पा," ती म्हणाली.

एगबर्टने टोपी काढून मांडीवर ठेवली. दोघे दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. तो मोठ्याने रडला. तिने त्याला थांबवले नाही.

डिसेंबरात उत्तरेचा गार वारा सुटला, त्याला खोकला धरला आणि नाताळाच्या आधी तो गेला. पेट्रोनाशेजारी त्याची जागा केली.

त्यानंतर अर्लीनने मला एकदाच पाण्यात घातले. ती एकटीच होती. होडीचे पुढचे टोक मोकळे होते. तिने मला दोन बोटे दाबले, आत पाहिले आणि जे जे दिसले ते मोठ्या आवाजात सांगू लागली. शेवाळ. मोडके फाटे. रिकामी कपार. एक निळा मासा, चुकून आल्यासारखा. रिकामी कपार. तिचा आवाज पाण्यावरून लांब जात होता. सगळे सांगून झाल्यावर तिने इंजिन सुरू केले. आता ती शहरात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते.

मित्रांनो, मला पुसून एखाद्या कपाटात मांडा, असे मागणे मी मागत नाही. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्याही गावात एखादी नदी असेल, तळे असेल, एखादी टेकडी असेल, किंवा घरात एखादे थकलेले माणूस असेल. ते आहे तोवर त्याच्याकडे नीट पाहा. आणि ते आजारी पडले, तर ज्यांचा जीव त्याच्यात आहे त्यांच्यापासून लपवू नका. प्रेमानेसुद्धा लपवू नका. एगबर्टला वेळेवर कळले असते तर प्रवाळ वाचला असता का, मला ठाऊक नाही. बहुधा नसता. समुद्र तापला तो आमच्या गावातल्या चुलींनी नव्हे. पण म्हातारा हळूहळू मरत होता ती दोन वर्षे एगबर्टची होती. त्याच्या उशाशी बसण्याची होती. अर्लीनने नंतर त्याला सगळे दिले, खरे शब्द दिले, आपला खांदा दिला. ती दोन वर्षे मात्र तिला परत देता आली नाहीत.